बाराव्या वचनापाशी थांबलेला ओरिजेन

आजचं वाचन: मत्तय 19:3-12

या उताऱ्यात आपण सगळे सूटपत्राच्या प्रश्नापाशी रेंगाळतो आणि बारावं वचन घाईघाईने ओलांडतो. प्रभू तिथे तीन प्रकारच्या नपुंसकांबद्दल बोलतो: काही जन्मतः तसे, काहींना माणसांनी तसं केलेलं, आणि काही स्वर्गाच्या राज्यासाठी स्वतःहून तसे झालेले. ज्याला हे स्वीकारता येईल त्याने स्वीकारावं, असंही तो म्हणतो. युथ मीटिंगमध्ये हे वचन वाचलं गेलं की कुणीतरी खाकरतं आणि लीडर पुढच्या मुद्द्यावर जातो.

साधारण 1800 वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात एक तरुण मात्र या वचनापाशी थांबला. इतिहासकार युसेबियस सांगतो की त्याने ते अक्षरशः पाळलं. त्या तरुणाचं नाव ओरिजेन. आणि गंमत म्हणा किंवा देवाची योजना म्हणा, पुढे हाच माणूस सगळ्या मंडळीला शिकवणार होता की शास्त्रवचनाला अक्षराच्या पलीकडेही अर्थ असतो.

बायबल शब्दशः घ्यायचं की प्रतीकात्मक, हा प्रश्न निघाला की आपल्यात लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सहा दिवस म्हणजे सहा गुणिले चोवीस तास, विषय संपला. दुसरा म्हणतो, अरे ते सगळं प्रतीक आहे, एवढं काय मनावर घेता. मला या वादात कुठल्याही बाजूने उतरण्यापेक्षा आज ओरिजेनची गोष्ट सांगावीशी वाटते. हा प्रश्न त्याने परीक्षेच्या पेपरसारखा सोडवला नाही. तो जगला त्यात.

त्याचा जन्म सुमारे 185 सालचा. वडील लिओनिडस ख्रिस्ती, शिकलेले. मुलगा ग्रीक साहित्य शिकत होताच, पण वडिलांचा नियम असा की त्याआधी रोज शास्त्राचा काही भाग पाठ करून म्हणून दाखवायचा. आपल्याकडे संडे स्कूलमध्ये सुवर्णवचन पाठ करतात तसं, फक्त रोज, आणि बरंच जास्त. मुलगा पाठ करायचा आणि मग प्रश्न विचारायचा. याचा आतला अर्थ काय? वरवर दिसतो तेवढाच का? वडील तोंडदेखलं रागवायचे, वयाला झेपेल तेवढंच विचार म्हणायचे. पण युसेबियस लिहितो की मुलगा झोपला की ते हळूच त्याच्या छातीवरचं पांघरूण बाजूला करून तिथे ओठ टेकवायचे, कारण पवित्र आत्म्याचं मंदिर तिथे आहे असं त्यांना वाटायचं. मंडळीच्या इतिहासात वडील-मुलाची इतकी कोवळी गोष्ट मी दुसरी वाचलेली नाही.

सन 202 मध्ये सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात छळ सुरू झाला. लिओनिडस तुरुंगात गेले. ओरिजेन तेव्हा सतरा वर्षांचाही नव्हता, पण आपणही जाऊन पकडून द्यायचं, वडिलांबरोबर मरायचं, असा त्याने हट्टच धरला. आईने विनवण्या केल्या, तो ऐकेना. शेवटी त्या माउलीने त्याचे सगळे कपडे लपवून ठेवले. उघड्या अंगाने बाहेर पडणार कसा! मग त्याने घरात बसून वडिलांना पत्र लिहिलं, आणि त्यात कळवलं की आमची काळजी करून तुमचा निश्चय बदलू नका. वडिलांचा शिरच्छेद झाला. मालमत्ता सरकारजमा झाली. मागे आई, सहा धाकटे भाऊ आणि हा.

शिकवण्या करून त्याने घर चालवलं. छळामुळे नवीन विश्वासणाऱ्यांना शिकवायला शहरात कुणी उरलं नव्हतं, म्हणून लोक त्याच्याकडे येऊ लागले, आणि अठराव्या वर्षी बिशप डिमेट्रियसने बाप्तिस्म्यासाठी तयार होणाऱ्यांची शाळा त्याच्या हाती दिली. त्याच्या शिष्यांपैकी अनेक जण पकडले गेले. हा तुरुंगात त्यांच्याजवळ बसायचा, निकालाच्या वेळी जायचा, वधस्थानापर्यंत सोबत चालायचा, सगळ्यांदेखत त्यांचं चुंबन घ्यायचा. चिडलेला जमाव त्याला दगडांनी मारायला धावल्याच्याही नोंदी आहेत.

आता या काळातलं त्याचं शास्त्र पाळणं बघा. प्रभूने शिष्यांना दोन अंगरखे घेऊ नका, वहाणा घेऊ नका म्हटलं होतं. याने दुसरा अंगरखा ठेवला नाही आणि कित्येक वर्षं अनवाणी फिरला. उद्याची चिंता करू नका असं लिहिलंय, तर याने आपला ग्रीक ग्रंथांचा संग्रहच विकून टाकला आणि घेणाऱ्याकडून रोजचे फक्त चार ओबोल घ्यायचं ठरवलं. सहा ओबोलांचा एक द्राख्मा, म्हणजे ही रक्कम एका द्राख्म्याहूनही कमी. तेवढ्यात तो जगला. झोपायचं जमिनीवर, तेही रात्रीचं बरंचसं वाचन झाल्यावर.

आणि याच काळात मत्तय 19:12. युसेबियस दोन कारणं देतो. एक, तरुण आणि अपरिपक्व मनाने वचन अगदी सरळ घेतलं. दुसरं, त्याच्या वर्गात स्त्रियाही शिकायला येत, आणि बाहेरच्यांना कुजबुजायला जागा राहू नये असं त्याला वाटलं. आजचे काही अभ्यासक ही घटना घडलीच नाही, विरोधकांनी उठवलेली आवई असावी असंही म्हणतात. मला युसेबियसवर विश्वास ठेवावासा वाटतो, कारण तो ओरिजेनचा चाहता होता. आपल्या आवडत्या माणसाबद्दल अशी अडचणीची गोष्ट कुणी उगाच कशाला लिहील?

त्या मुलाला मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण ज्याचे वडील वचनासाठी मेले, ज्याचे विद्यार्थी वचनासाठी मेले, त्याला वचन अर्धवट पाळणं हा पर्यायच कुठे होता? त्याची चूक आज्ञापालनात कमी पडण्याची नव्हती, चूक वाचण्यात होती. त्याच शुभवर्तमानात प्रभू उजवा डोळा उपटून टाकायलाही सांगतो, आणि तसं केल्याचं कुणाचं ऐकिवात नाही. मग या एका वचनाला वेगळा नियम का?

हे प्रश्न पुढे त्याने स्वतःच विचारले. प्रथम तत्त्वांवरचा त्याचा ग्रंथ आहे. त्याच्या चौथ्या भागात शास्त्र कसं वाचावं याची सविस्तर चर्चा येते. मला वाटतं तो भाग आजच्या कुठल्याही युथ ग्रुपमध्ये वाचला तर कुणालाही झोप येणार नाही. तो विचारतो: सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी निर्माण झाले, मग पहिल्या तीन दिवसांना संध्याकाळ आणि सकाळ कशी झाली? देवाने एखाद्या शेतकऱ्यासारखी एदेनात झाडं लावली का? काइन परमेश्वरासमोरून निघून गेला म्हणजे नेमका कुठे गेला? हे विचारणारा नास्तिक नाही बरं का, हुतात्म्याचा मुलगा आहे.

शुभवर्तमानांनाही तो सोडत नाही. सैतानाने प्रभूला उंच डोंगरावर नेऊन जगातली सगळी राज्यं दाखवली. कुठल्या डोंगरावरून एकाच वेळी इराणी, सिथियन, पार्थियन आणि भारतीय लोकांची राज्यं दिसतात, असं तो विचारतो. हो, भारत! तिसऱ्या शतकातल्या त्या पानावर आपला देश अचानक समोर येतो तेव्हा मला दरवेळी हसू येतं. आणि उजव्या गालाचं उदाहरण तर हाताने करून बघण्यासारखं आहे. समोरचा माणूस उजव्या हाताने थोबाडीत मारेल तर ती कुठल्या गालावर बसेल? डाव्या. मग प्रभूने उजवा गाल का म्हटलं?

त्याचं उत्तर असं की हे अडथळे चुकून राहिलेले नाहीत. ते अडखळण्याचे दगड देवाच्या आत्म्यानेच वाटेत ठेवले आहेत. सगळं गुळगुळीत असतं तर आपण गोष्ट वाचून खूश झालो असतो आणि आत शिरलोच नसतो. ठेच लागते तेव्हा माणूस खाली वाकून बघतो.

शास्त्राला माणसासारखंच शरीर, जीव आणि आत्मा आहे, असं त्याचं म्हणणं. शरीर म्हणजे सरळ दिसणारी गोष्ट किंवा आज्ञा. जीव म्हणजे तिच्यातून वागण्याला मिळणारी दिशा. आत्मा म्हणजे ख्रिस्ताकडे नेणारा गूढ अर्थ. ही युक्ती त्याने आपल्या डोक्यातून काढली नव्हती. त्याच्याच शहरात दोनशे वर्षांपूर्वी फिलो नावाचा यहुदी विद्वान मोशेचे ग्रंथ असे वाचत होता. आणि त्याहून महत्त्वाचं, पौल तसं वाचत होता. गलती 4 मध्ये हागार आणि सारा हे दोन करार होतात. 1 करिंथ 10 मध्ये रानातला खडक म्हणजे ख्रिस्त. 1 करिंथ 9 मध्ये मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये ही आज्ञा थेट सुवार्तिकांच्या पोटापाण्याला लागू होते. ओरिजेन म्हणायचा की पौलाने वाट दाखवली, आता आपण चालायचं.

हे सगळं त्या काळी एवढं निकडीचं का होतं, तेही सांगते. त्याच्या आधी मार्सियन नावाच्या माणसाने जुना करार अगदी अक्षरशः वाचला, त्यातला रागावणारा, युद्धं करायला सांगणारा देव बघितला, आणि ठरवलं की हा येशूचा पिता असूच शकत नाही. त्याने जुना करारच फेकून दिला. दुसरीकडे मंडळीतले साधेभोळे लोक तेच अक्षरशः वाचत आणि देवाबद्दल अशा गोष्टी मानत की एखाद्या क्रूर माणसाबद्दलही मानू नयेत. ओरिजेनच्या मते दोघांचा रोग एकच. दोघंही कवचावरच थांबले.

यहोशवाच्या पुस्तकावर प्रवचन देताना तो म्हणतो की ही युद्धं आत्मिक युद्धाचं चित्र नसती तर शांतीच्या प्रभूच्या शिष्यांनी ती मंडळीत वाचायला ठेवलीच नसती. कनानातले राजे म्हणजे आपल्या आतली पापं, आणि खरा यहोशवा म्हणजे येशू, ज्याचं नावही ग्रीकमध्ये तेच आहे. हे ऐकायला सुंदर आहे, आणि मला त्यातून प्रार्थनेत मदतही झाली आहे. पण खरं सांगायचं तर इथे माझं पूर्ण समाधान होत नाही. शत्रूला पाप म्हटल्याने यरीहोतल्या लेकरांचा प्रश्न मिटतो का? प्रतीक कधीकधी औषध असतं, आणि कधीकधी जखमेवर टाकलेली चादर.

ओरिजेन वाहवत जायचाही. चांगल्या शोमरोन्याचा दाखला घ्या, लूक 10. एका वडीलधाऱ्या शिक्षकाकडून ऐकलेला अर्थ तो सांगतो: यरुशलेम म्हणजे नंदनवन, यरीहो म्हणजे जग, लुटारू म्हणजे विरोधी सत्ता, याजक म्हणजे नियमशास्त्र, लेवी म्हणजे संदेष्टे, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे मंडळी. दोन दीनारसुद्धा सुटत नाहीत, ते पिता आणि पुत्र. वाचताना वाटतं, अहो थांबा जरा, तो जखमी माणूस अजून रस्त्यातच पडलाय! पण प्रवचनाच्या शेवटी तो त्या माणसाकडे परत येतो. ख्रिस्ताचं अनुकरण आपल्यालाही करता येतं, म्हणून लुटारूंच्या हाती सापडलेल्यांजवळ जा, जखमा बांधा, तेल-द्राक्षारस ओता, आपल्या जनावरावर बसवा, असं तो सांगतो. म्हणजे सगळा फेरफटका मारून गाडी पुन्हा साध्या अक्षरावर.

प्रतीकवादी म्हणून त्याच्या नावाने शिक्का मारणारे एक गोष्ट विसरतात. अक्षरावर एवढी मेहनत त्या काळात दुसऱ्या कुठल्या ख्रिस्ती माणसाने केली नाही. तो इब्री शिकला, यहुदी शिक्षकांशी बसून बोलला. शास्त्र म्हणजे पुष्कळ बंद खोल्यांचं घर, प्रत्येक दारापाशी एक किल्ली ठेवलेली आहे पण ती त्या दाराची नाही, सगळ्या किल्ल्यांची अदलाबदल झालेली आहे: हे चित्र त्याला एका इब्री शिक्षकाकडूनच मिळालं. म्हणूनच तो एका पुस्तकातलं वचन दुसऱ्या पुस्तकातल्या वचनाने उघडायचा.

आणि हेक्साप्ला! जुना करार सहा रकान्यांत शेजारी शेजारी: पहिल्यात इब्री, दुसऱ्यात तेच इब्री ग्रीक लिपीत, आणि मग चार ग्रीक भाषांतरं, आक्विला, सिम्माखस, सेप्टुआजिंट आणि थिओडोशन. सेप्टुआजिंटमध्ये जे जास्त आहे तिथे एक खूण, जे कमी आहे तिथे तारांकन. आज आपण मोबाईलवर दोन भाषांतरं शेजारी उघडतो आणि स्वतःला अभ्यासू समजतो. त्याने हे सगळं हाताने लिहवून घेतलं. खर्च त्याचा श्रीमंत मित्र अ‍ॅम्ब्रोसने उचलला. ओरिजेनने त्याला एका चुकीच्या पंथातून बाहेर काढलं होतं, आणि त्याने कृतज्ञतेने सातहून जास्त लघुलेखक, तितकेच नकलनवीस आणि सुंदर अक्षराच्या मुली कामाला लावून दिल्या. लघुलेखक पाळीपाळीने लिहायचे, इतकं हा बोलायचा.

तोच सांगतो की अक्षरशः खऱ्या गोष्टी शास्त्रात जास्त आहेत आणि केवळ आत्मिक अर्थाच्या कमी. अब्राहामाला हेब्रोनच्या गुहेत पुरलं, शलमोनाने मंदिर बांधलं, हे घडलेलंच आहे. आईबापांचा मान राख, खून करू नको, यांत प्रतीक शोधत बसायचं नाही, पाळायचं.

बिशप डिमेट्रियसशी मात्र त्याचं बिनसलं. प्रवासात असताना कैसरियाच्या आणि यरुशलेमच्या बिशपांनी त्याला दीक्षा दिली, तीही डिमेट्रियसला न विचारता. चिडलेल्या डिमेट्रियसने ती तरुणपणची गोष्ट बाहेर काढली. गंमत म्हणजे त्याला ती आधीच कळली होती आणि तेव्हा त्याने ओरिजेनला धीरच दिला होता. ओरिजेनला शहर सोडावं लागलं. 230 नंतरच्या त्या वर्षांत तो कैसरियाला गेला आणि तिथेच शिकवत, उपदेश करत राहिला.

साठी ओलांडल्यावर तो मत्तयाच्या शुभवर्तमानावर भाष्य लिहायला बसला. अध्याय एकोणीस आला. बारावं वचन आलं. इथे तो ठामपणे सांगतो की तिन्ही प्रकारांतला एकही शरीराशी जोडू नका. तसं करणाऱ्यांची भक्ती खरी असेल, पण समज नव्हती. त्यामुळे शरीराचं काय नुकसान होतं तेही तो लिहितो. स्वतःचं नाव कुठेच घेत नाही. फक्त आम्हीही कधीकाळी ख्रिस्ताला देहाने आणि अक्षराने समजत होतो, आता तसं नाही, अशा अर्थाचा एक उल्लेख येतो आणि तो पुढच्या वचनाकडे वळतो. मी या जागी बराच वेळ थांबले होते. चाळीसएक वर्षं मनात ठेवलेली गोष्ट माणूस एवढ्या थोडक्यात लिहितो.

त्यानंतर एक-दोन वर्षांतच, 250 साली, सम्राट डेसियसचा छळ आला. ओरिजेन वृद्ध झाला होता. त्याला अंधारकोठडीत टाकलं, गळ्यात लोखंडी कडं घातलं, खोड्यात पाय चौथ्या भोकापर्यंत ताणून कित्येक दिवस ठेवलं, जाळण्याच्या धमक्या दिल्या. न्यायाधीशाला तो मरायला नको होता, नमवायला हवा होता. एवढा मोठा शिक्षक ख्रिस्ताला नाकारतो हे लोकांना दाखवता आलं असतं.

आता विचार करा. जगातल्या कुठल्याही वचनाचा आतला अर्थ काढू शकणारा हा माणूस. आपला वधस्तंभ उचलून माझ्यामागे या, हे वचन तो किती सहज आत्मिक करू शकला असता! वधस्तंभ म्हणजे मनातला संघर्ष, कबुली म्हणजे अंतःकरणातली, तोंडाने काय बोललो त्याला एवढं महत्त्व नाही. त्या काळात असं म्हणणारे पंथ खरंच होते. ओरिजेनने ते वचन जसं लिहिलंय तसंच घेतलं. वयाच्या सतराव्या वर्षी आईने कपडे लपवले म्हणून जे राहून गेलं होतं, ते साठीनंतर खोड्यात पाय अडकवून केलं. बाहेर आल्यावर त्याने पत्रं लिहिली, आणि युसेबियस म्हणतो की खचलेल्यांना उभं करणारं पुष्कळ काही त्यांत होतं.

डेसियस मेला, छळ थांबला, पण शरीर मोडलं होतं. सत्तरी गाठायच्या आधीच ओरिजेन वारला. त्याला सोर नगरात पुरलं असं सांगतात.

त्याला संत म्हणत नाहीत. आत्म्यांचं पूर्वास्तित्व, शेवटी सर्वांचं तारण, अशा काही मतांमुळे वाद वाढत गेले आणि 553 च्या कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेच्या वेळी त्याच्यावर दोषारोप झाला. ग्रीक ग्रंथ बहुतेक नाहीसे झाले, हेक्साप्लाचे तुकडे तेवढे उरले. बरंचसं लिखाण जेरोम आणि रुफिनस यांच्या लॅटिन भाषांतरांत तगलं. पण 2012 मध्ये म्यूनिकच्या ग्रंथालयात एक ग्रीक हस्तलिखित तपासताना स्तोत्रांवरची त्याची 29 प्रवचनं सापडली. इतकी शतकं तिथेच कपाटात पडून होती.

उद्याचं वाचन उत्पत्ती 26:12-33, इसहाकाच्या विहिरी. ओरिजेनचं यावर एक प्रवचन आहे. अब्राहामाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या, इसहाक त्या पुन्हा उपसतो. वाचायला बसण्याआधी नकाशात गरार आणि बैर-शेबा कुठे आहेत ते शोधून ठेवा.